काच अजून शाबूत

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: साडूचा विचार करायचा नाही.
सकाळी पेपर उघडला. पहिल्याच पानावर साडू. डोक्याला हेल्मेट, कमरेला दोर, हायवेच्या कुठल्याशा पुलाखाली लोंबकळतोय. आम्ही दोघं एकाच खात्यात पूल-निरीक्षक. जिल्ह्याच्या उत्तरेचे पूल त्याच्याकडे, दक्षिणेचे माझ्याकडे. त्याचे नऊ धोकादायक. माझे बेचाळीस, सगळे उत्तम. म्हणून फोटो त्याचा. बायकोनं तो कापून सासूबाईंसाठी ठेवला. जावई दोन, कात्रणं एकाचीच.

५ जानेवारी
मार्चमध्ये मुख्य निरीक्षकाची जागा भरणार. मोठे साहेब म्हणाले, ज्यानं काही शोधून काढलंय त्याचा विचार आधी. म्हणजे ज्याचे पूल गुण्यागोविंदानं उभे, त्याला कुणी विचारत नाही.
ठरलं. मलाही एक धोकादायक पूल पाहिजे. लहानसा चालेल.

९ जानेवारी, स. ११
सापडली. नदीवरच्या मोठ्या पुलाच्या कठड्याला वीतभर भेग. गाडीतूनच दिसली. बायकोची बस रोज याच पुलावरून शाळेत जाते, ती पलीकडे शिकवते. पण तिच्या नजरेला कधी पडली नाही. त्याला नजर असावी लागते.
भेगेवर काचेची पट्टी चिकटवली, वर तारीख घातली. भेग वाढली की काच तडकते. पुलाखालीही उतरणार होतो, पण पायऱ्यांवर शेवाळ, आणि माझ्या गुडघ्याचा भरवसा नाही. रजिस्टरमध्ये दरवर्षीप्रमाणे लिहिलं: खालून पाहणी केली, उत्तम. अकरा वर्षांत पूल जागचा हललेला नाही. आता काय हलणार.

१७ जानेवारी
काच शाबूत.

२४ जानेवारी
काच शाबूत. साडूच्या चार काचा तडकल्या, ही बातमी बायकोनं जेवण वाढता वाढता दिली. काही लोकांना सगळं आयतं मिळतं.
ड्रायव्हर म्हणाला, साहेब, एवढे ट्रक जातात तरी काच टिकली, बरंच की. या माणसाला महत्त्वाकांक्षा म्हणून नाही.

३ फेब्रुवारी, दु. १२.३०
काच तडकली. धूळ बसली होती, पुसताना अंगठ्याचा जरा जोर लागला. पण भेग वाढलेली नसती तर एवढ्याशा जोरानं तडकली असती का? या गोष्टींकडे शास्त्रीय दृष्टीनं पाहावं लागतं. ड्रायव्हर तेव्हा दुसरीकडे बघत होता, ते बरंच झालं. तातडीचा अहवाल पाठवला.

५ फेब्रुवारी
खात्री करायला साहेबांनी कुणाला पाठवावं? साडूला. अंगाचा तिळपापड झाला.
त्यानं भेग नखानं खरवडली. म्हणाला, दादा, हे नुसतं प्लास्टर आहे. दादा म्हणतो, तेही चारचौघांत. मग म्हणाला, आलोच आहे तर खाली बघून येतो. गेला शेवाळावरून सरसर. मिरवायची हौस, दुसरं काय.
अर्ध्या तासानं वर आला तो पांढराफटक. मधल्या खांबाच्या पायाखालची माती वाहून गेलीय म्हणे, खांद्यापर्यंत हात आत जातो. तिथल्या तिथे दोन्ही बाजूंनी पूल बंद करायला लावला. बायकोची बस आता माझ्याच दुसऱ्या एका पुलावरून जाणार.
पूल धोकादायक आहे हे आधी मी कळवलं होतं. कुणाच्या लक्षात राहील तर शपथ.

१२ मार्च
राज्यातल्या पुलांची यादी पेपरात आली. धोकादायक पुलांत पहिला नंबर माझा. साडूचे सगळे माझ्याखाली. चांगली जिरली.
फोटो मात्र त्याचाच, चिखलानं माखलेला. मुख्य निरीक्षकाची जागाही त्यालाच. शेजारी माझ्या रजिस्टरचा फोटो: अकरा वेळा 'उत्तम', खाली अकरा सह्या. सही छान आलीय. ऑफिसात गेलो तर टेबलावर नोटीस. माझी चौकशी नवे मुख्य निरीक्षक करतील.
संध्याकाळी बायकोला पहिला नंबर दाखवला. ती रजिस्टरचा फोटोच बघत बसली. मग विचारलं, अकरा वर्षं मी रोज त्या पुलावरून जात होते, तुम्ही एकदाही खाली उतरला नाहीत? मी गुडघ्याचं सांगायला लागलो. ती उठून गेली आणि साडूला फोन लावला. शाळेला जायला दुसरा रस्ता कुठला, विचारत होती.
उद्यापासून ती लांबच्या बसनं जाणार, तासभर आधी निघून. त्या रस्त्यावरचा पूल उत्तरेच्या हद्दीतला, म्हणजे साडूचा. मी म्हणालो, अगं, तोही गेल्या वर्षी धोकादायक यादीत होता. म्हणाली, असू दे. तो कुणीतरी खाली उतरून पाहिलाय.