पॅच दिसणार नाही

२ फेब्रुवारी, सकाळी
लेकीचं रजिस्टर लग्न ठरलं, १६ मार्चला. काल जुने अल्बम निघाले. लेक म्हणाली, बाबा प्रत्येक फोटोत तोंड मिटून बसलेत, माझ्या लग्नाच्या फोटोत तरी दात दाखवून हसा. हो म्हणालो. शेवटी बाप आहे.
प्रश्न फक्त रंगाचा. हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. माझे दोन्ही कामांना तेच, आणि वर वर्षानुवर्षांचा चहा. पण रंगाचं दुकान मी चालवतो. पांढऱ्याची छटा ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. घरच्या घरी जमेल.
चहा आजपासून बंद.

२ फेब्रुवारी, दुपारी
बंद म्हणजे दुकानातला बंद. घरचा चालू. घरचा फिकटच असतो.

५ फेब्रुवारी
खायचा सोडा आणि लिंबू. भिंतीला पॉलिश पेपर मारतात, तेच तत्त्व. जोर लावून घासलं. बायकोने विचारलं, दात घासताय की गंज काढताय. तोंडात फेस होता म्हणून वाचली.

८ फेब्रुवारी
हिरड्या सुजल्या. गार पाणी प्यायलो तर कळ थेट मस्तकात. म्हणजे औषध लागू पडतंय.

९ फेब्रुवारी
बायकोने धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयाने लहान, पण बोलतात सासूसारख्या. लिंबाने दातांचं वरचं आवरण झिजतं, लिंबू सरबतात घाला म्हणाल्या. मग पर्याय सांगितले. आधी साफसफाई. हिरड्या बऱ्या झाल्या की ब्लीचिंग. नाहीच भागलं तर दातांवर पातळ पापुद्रे चिकटवतात, त्यांना व्हेनीअर म्हणतात. व्हेनीअर मला शिकवू नये. आमच्या कपाटाचा सुटून आलाय. ब्लीचिंग घेतलं.
शेड कार्ड त्यांच्याकडेही असतं, ओळीने नमुन्याचे दात. माझ्या दाताशेजारी सगळ्यात शेवटचा, सगळ्यात पिवळा नमुना धरला आणि कार्ड सरळ आत ठेवलं. धंद्यातला माणूस समोर आहे हे ओळखलं असणार.
जाता जाता एक पिल्लू सोडलं. माझा पुढचा एक दात म्हणजे कॅप. शिडीवरून पडलो होतो, तेव्हाच्या दातांच्या रंगाला जुळवून बसवलेली. कॅपला ब्लीच लागत नाही, बाकीचे उजळतील आणि ती तशीच राहील, म्हणून ती नंतर बदलावी लागेल म्हणे. मी गालात हसलो. रंगाआधीचा प्रायमर मीही असाच खपवतो.

१४ फेब्रुवारी
एक गिऱ्हाईक आलं. भिंतीच्या एका कोपऱ्यापुरताच रंग हवा म्हणे. समजावलं, टचअप केलं की पॅच दिसतो, आख्खी भिंत करा. मोठा डबा घेऊन गेला. साध्या गोष्टी लोकांना सांगाव्या लागतात.

२० फेब्रुवारी
ब्लीचिंग झालं. दात लख्ख. कॅप किंचित उठून दिसते. ओल्या रंगाचं असंच असतं. वाळला की एक होतो.

२२ फेब्रुवारी
काही दिवस चहा नको असं बजावलंय. नळीने प्यायलो. दातांना पत्ता लागला नाही. जीभ भाजली.

१ मार्च
अजून वाळायचंय. बायको म्हणाली, वेळ आहे तोवर कॅप बदलून घ्या. मी म्हणालो, भिंतीला नाक लावून कोण बघतं.

१३ मार्च
आरशासमोर हसण्याचा सराव. नंतर डॉक्टरीणबाईंना फोन केला. लग्नाआधी नवी कॅप आता होणार नाही म्हणाल्या. मी कुठे मागितली होती? सहज चौकशी केली.

१६ मार्च
लग्न झालं. सही करताना लेकीने एकदा माझ्याकडे बघितलं. फार भरून आलं.
मग बाहेर पायऱ्यांवर फोटो. मी हसलो, अगदी दाढांपर्यंत. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला, काका, पुढे मक्याचा दाणा अडकलाय, तेवढा काढून घ्या. सगळे माझ्या तोंडाकडे वळले. नव्या व्याह्यांनी रुमाल पुढे केला. पुसल्यासारखं केलं. दाणा निघाला नाही. तोंड मिटणार होतो, पण लेक बघत होती. हसलो.

१७ मार्च
फोटोग्राफरला फोन. म्हटलं, एक दात वेगळा दिसतो, तेवढे सगळे एकसारखे करून दे. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम, काळजी सोडा म्हणाला. डॉक्टरीणबाईंपेक्षा याला जास्त कळतं.

२ एप्रिल
अल्बम आला. दात सगळे एकसारखे. सगळे पिवळे.
फोटोग्राफरला फोन करून झापलं. तो शांतपणे म्हणाला, काका, बाकीचे अगदीच खोटे वाटत होते, तो एक दात तेवढा खरा वाटला, म्हणून सगळे त्याच्याशी जुळवले.
दुसरी प्रत काढून घेणार होतो. पण लेक येऊन गेली. फोटो बराच वेळ बघितला, हे माझे बाबा म्हणाली आणि फ्रेम करायला घेऊन गेली.
बायकोने न विचारता चहा ठेवला. कपाने प्यायलो.