पंखाची शिवण

१३ फेब्रु. ७२, रविवार. कोपरगाव
ह्यांच्या कारखान्याला सुट्टी, म्हणून सकाळपासून पंखच. पेट्यांतून सुटं सुटं आलेलं विमान हे घरीच जोडतायत, त्याचा डावा पंख पडवीत उभा केलाय. एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला मी. मी सुई कापडातून आरपार घालायची, ह्यांनी ओढून परत द्यायची, मी गाठ मारायची. दोन बोटं सोडून पुन्हा तेच. एकोणचाळीस गाठी. बोटं सोलली. त्यापेक्षा गोधड्या बऱ्या, निदान अंगावर घेता येतात.

१६ फेब्रु.
ह्यांची रात्रपाळी, म्हणून दु. शिवण. सुई गेली ती परत आलीच नाही. हाक मारली, ओ नाही. वाकून पाहिलं तर सुई हातात, नजर भिंतीवर, ओठ हलतायत. मी वीसपर्यंत मोजलं. मग म्हणाले, "लक्ष कुठं हाय तुझं? घे की सुई."
घेतली.

१७ फेब्रु.
आज दोनदा. फिट येते म्हणून ह्यांना विमानदलातून घरी पाठवलं, हे इथे कुणाला ठाऊक नाही. चार वर्षं काही नव्हतं. गेलं असंच धरून चालले होते मी. आणि हे स्वतः उडवणार. वर असताना जर...

२ मार्च
शेवटी मीच बोलले. तुम्ही मधूनच थांबता, म्हटलं. हे शांतपणे म्हणाले, "मला ठावं हाय. येवढं एक काम करू दे." जेवले नाहीत. राग आला, कीवही. ढिल्या गाठी मारल्या तर तपासणीचे साहेब विमान नापास करतील, असं मनात आलं. आणि त्यांच्या नजरेतून सुटल्या तर? पक्क्याच मारल्या.

२१ मार्च
पुण्याहून साहेब आले. गाठ न् गाठ चाचपली, काम चोख आहे म्हणाले. चहा घेताना मला विचारलं, "ह्यांची तब्येत कशी असते?" हे माझ्याकडे बघत होते. इतकं केविलवाणं तोंड त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.
"चांगली असते," म्हटलं. साहेबांनी लिहून घेतलं.

२२ मार्च
हे सकाळपासून खुशीत. म्हणाले, "मागली सीट तुझी. पयल्या फेरीला तुलाच बशिवनार." आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू. अकरा वर्षांत कुठे नेलं नाही त्यांनी. मग कालचं माझं "चांगली असते" आठवलं. काल मी खरं बोलले असते तर ते त्यांच्या जिवासाठी झालं असतं. आता साहेबांना कळवलं तर हे म्हणतील, बसायला भ्याली.
मागल्या सीटच्या गादीचं माप घेऊन ठेवलंय.