ओळ आपोआप खाली जाते

बाबा, तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी अनुकंपा यादीत माझा नंबर लागला. तुमचंच ऑफिस, खिडकीजवळची तुमचीच खुर्ची. आदेशात एक अट होती: दोन वर्षांत कॉम्प्युटरवरची मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी संपली. मला हसू आलं. टायपिंग तर तुम्हीच शिकवलेलं. रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटरचं मशीन, माझ्या हातांवर टॉवेल, मागे तुम्ही. "खाली नको पाहू वं. बोटाले माहीत आहे." घंटी वाजते, मी दांडी ढकलते, नवी ओळ. घंटी चुकली की टपली.

मी दोनदा नापास झाले. वेग भरपूर होता. परीक्षेतल्या पत्राची मांडणी मोडत होती. समास बदलला की माझ्या ओळी भलतीकडेच तुटत. ऑफिसातले बडे बाबू मला ऐकू जाईल असं कुणाला तरी म्हणाले, "बापाची खुर्ची भेटते गा, बापाचा हात नाही भेटत."

शेवटची संधी उरली, तेव्हा इतवारीतल्या एका क्लासला गेले. शिकवणारी माझ्या निम्म्या वयाची. ती बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिली.

"काकू, दर ओळीले एंटर काहून दाबून राहिल्या? ओळ आपोआप खाली जाते ना."

"सवय आहे. बाबांनी लावली, मशीनवर."

"मंग त्यायलेच आणा क्लासले. दोघांत एकच फी घेते."

"ते नाहीत."

तिनं खुर्ची जवळ ओढली. मग माझ्या उजव्या करंगळीवर बोट ठेवून म्हणाली, "मंग हे एवढंच विसरा. बाकी राहू द्या."

एवढंच विसरायला तीन महिने लागले. ओळ संपत आली की कानात घंटी वाजायची, करंगळी उठायची, आणि मी तिला तुमच्याविरुद्ध आवरून धरायची. परीक्षेच्या दिवशी घंटी वाजली नाही. मी समास बदलला. अख्खा परिच्छेद एकदम सरकला. एकही ओळ तुटली नाही.

काल बडे बाबू स्वतः माझ्या टेबलाशी आले. काटोलला जायचं पत्र, ओळी विस्कटलेल्या. "बाई, हे जरा बसवून देता?" मी त्यांच्यादेखत एकेक एंटर काढला. पत्र सरळ उभं राहिलं. "च्या मायले," ते स्क्रीनवर वाकून म्हणाले. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

हे पत्र स्क्रीनवरच राहील, मी छापून काढणार नाही. निकालाच्या दिवशी पेढे आणले होते. पहिला तुमच्या फोटोपुढे ठेवायचा म्हणून आई डबा उघडून उभी होती. तो पहिला मीच खाल्ला.