जुन्या बुटातली बाटली

सूनबाई,

हे न्हाणीघरात पडले. डोक्याला खोक पडली आहे, रक्त काही केल्या थांबत नाही आणि शुद्धही हरपत चालली आहे. शेजारचे काका गाडी काढताहेत, आम्ही मोठ्या दवाखान्यात निघालो.

हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे तुला ठाऊक आहे. निसर्गोपचारवाल्यांच्या लसणाच्या कॅप्सूलही चालू होत्या, हे ठाऊक नसेल. “दोघं डॉक्टर सवती आहेत गं, एकीपुढे दुसरीचं नाव काढायचं नाही,” असं हसत हसत ह्यांनी मला शपथ घातली होती. रोजची व्रतं पाळते, तशी तीही पाळली.

आत्ता निसर्गोपचारवाल्यांना फोन केला. ते कळवळून म्हणाले, “ताई, दोन्ही मिळून रक्त फारच पातळ होतं. आधी कळलं असतं तर मी नुसतं चालणं आणि आहार सांगितला असता. तिथल्या डॉक्टरांपासून काही लपवू नका.” नाही लपवणार.

कॅप्सूलची बाटली हे आपल्या जुन्या बुटात ठेवतात. ती घेऊन तडक ये.

शुद्धीवर आले की शपथ मोडली म्हणून माझ्यावर खूप रागावतील. रागावू देत. आज देवाकडे तेवढंच मागतेय.

आई