रोहूच्या पोटातली नाडी

मुंजाबा, अळी मी माशात घातली नाय. हे आधी लिहिते, रामराम मागून. "पोराला माशाच्या धंद्यात घालायची अक्कल अक्काचीच" असा निरोप तू पारूबाईसंगं धाडलास. तो मला पोचला. पारूबाईनं तो जिन्यात उभं राहून, चार बाया गोळा झाल्यावर, हात ओवाळून दिला. तुझा निरोप तुझ्यापेक्षा तिलाच जास्त आवडलेला दिसला.

आता रीतीचं. खुलताबादच्या माळावर मेंढरं राखणारा धाकटा भाऊ मुंजाबा यास, उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर टांगून ठेवलेली थोरली बहीण बानाबाई हिचा रामराम. तुझा गुडघा कसा हाय? भावजय आशाबाईनं दाढ काढली, का अजून गालाला फडकं बांधून (अन् तरीबी बोलत) फिरते? मी बरी हाय. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन सून लावून देते, अन् एकदा लावून दिला की मंजुषा तिथंच उभी राहून टॉवेलाच्या घड्या घालते. इतके टॉवेल आमच्या घरात नायत. म्हणून कागद.

तुझा आदिनाथ मेंढरामागं जाईना, घरात भिंतीकडं तोंड करून बसायचा, हे तूच येऊन रडला होतास. म्हणून मी माझ्या सुदर्शनच्या मागं लागून आमच्या सोसायटीच्या गेटाशी त्याला माशाचं टेबल मांडून दिलं. जायकवाडीचा रोजचा ताजा माल. पोरगं हसायला लागलं, गिऱ्हाइकाला "या मावशी" म्हणायला लागलं. आता सोसायटीवाले म्हणतात टेबल उचल. टेबल उचललं की पोरगं परत तुझ्या भिंतीकडं तोंड करून बसणार. तेव्हा खरं काय झालं ते एकदा नीट वाच, अन् मग मला बोल.

दुसऱ्या मजल्यावर निशा राहते. नवरा कॉलेजात शिकवतो, ही मोबाईलमधे बघून सैपाक करते. तिला रोहू पाहिजे होता, तोबी अख्खा. आदिनाथ म्हणला, पोट साफ करून देतो. ही म्हणली नको, मोबाईलमधल्या बाईनं अख्खाच ठेवला होता. (मोबाईलमधली बाई उद्या मेंढरू अख्खं ठेवील, तर ही लोकरीसकट फोडणी देईल.) घरी नेऊन पोट फाडलं, तर आतून पांढरी, चपटी, परकराच्या नाडीसारखी लांबच लांब पट्टी निघाली. अन् नाडी हालली. निशा अशी किंचाळली की वर माझ्या बशीतला चहा सांडला. मी खाली गेले. ओट्यावर मासा, स्टुलावर निशा. मी नाडी चिमटीत धरून कचऱ्यात टाकली अन् म्हणलं, जंत हाय बाई, पोटातली घाण काढ, धू, अन् चांगला शिजव. शिजवल्यावर हत्ती मरतो, जंताचं काय घेऊन बसलीस.

एवढ्यावर मिटलं असतं. पण दारातून तिचा नवरा आला अन् त्यानं ऐकलं "जंतू". लगेच मोबाईलवर सगळ्या सोसायटीला कळवलं: गेटावरच्या माशांत जंतू, साथीची भीती. मुंजाबा, मी चौथीत शाळा सोडली, पण जंत म्हणजे नाडीएवढा अन् जंतू म्हणजे डोळ्याला न दिसणारा, एवढं मला कळतं. त्या मास्तरनं एक उकार जास्तीचा लावला अन् साथ आणली. संध्याकाळपर्यंत सहा घरांत पोटं दुखायला लागली. त्यातल्या दोन घरांत मासा कधी शिजत नाय. चौथ्या मजल्यावरचे नानासाहेब, ज्यांनी सकाळपासून नुसते पोहे खाल्ले होते, ते पंख्याखाली आडवे पडून बायकोला कागदपत्रं कुठं ठेवलीत ते सांगायला लागले. आमच्या सुदर्शननं मोबाईलमधे शोधून बघितलं, त्यातबी लिहिलं होतं की नीट शिजवलं तर फिकीर नाय. पण ते त्यानं मला सांगितलं. सोसायटीला सांगायला त्याची जीभ उचलंना. कंपनीत दीडशे माणसांवर साहेब हाय म्हणे.

मग रविवारी मीच खाली गेले. चांगलं लुगडं नेसले, टेबलाशेजारी खुर्ची टाकली. आदिनाथ एकेक मासा लोकांसमोर फाडून पोट दाखवायला लागला. लोक लांबूनच बघत होते, जसं काय माशातून नाग निघणार हाय. मला राहवलं नाय. मी उभी राहिले अन् म्हणलं, अरे, एका नाडीला काय घाबरता? मी धनगराची लेक हाय. पानासारखे चपटे किडे मी मेंढीच्या काळजातून ह्या बोटांनी काढलेत. आतड्यात तर नाडी काय, अख्खा परकर निघंल. काढायचं, टाकायचं, उरलेलं रटरट शिजवून खायचं. जन्मभर खातेय, बघा माझ्याकडं!

कुणी माझ्याकडं बघितलं नाय. सगळे पलीकडं बघायला लागले. पलीकडं पुंडलिकचं मटणाचं दुकान, अन् दारातच आकड्याला काळीज लटकवलेलं. एका बाईनं पिशवीतून पाव किलो काळीज काढलं अन् पुंडलिकच्या फळीवर परत ठेवलं, मेलेला उंदीर ठेवावा तसं. रांगेतला एक रिक्षावाला मला म्हणला, "अम्मा, मछली कू बचाने के वास्ते बकरे कू कायकू बदनाम करे तुम?" मी त्याला म्हणलं, बकऱ्याचं नाव मी घेतलंच नाय, मेंढी म्हणले. पण ऐकतो कोण. माशाची रांग तर नव्हतीच, मटणाचीबी फुटली, अन् सगळे जण समोरच्या डेअरीत पनीर घ्यायला गेले. पनीर! उकळत्या दुधात लिंबू पिळून नासवलेलं, ते ह्यांना चालतं.

पुंडलिक सुरा हातात घेऊन नुसता उभा होता. मला वाटलं मारतो. पण तो माझ्याकडं बघून "मावशी" एवढंच म्हणला, अन् आत जाऊन खाली बसला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाकी सगळं ठीक. थोरामोठ्यांना रामराम, पोरांना आशीर्वाद, कुत्र्याला भाकर.

तुझी अक्का,
बानाबाई

ता. क. एक वाक्य वर लिहायचं राहिलं. मी असंबी म्हणले होते, की खोटं वाटत असंल तर माझ्या भावाला, खुलताबादच्या मुंजाबाला विचारा, हा पुंडलिक त्याचीच मेंढरं कापतो. हे कुणीतरी मोबाईलमधे भरून घेतलं. पुंडलिक म्हणतो, ह्या खेपेला तुझी मेंढरं उचलणार नाय.

आणखी ता. क. पुंडलिक माणूस वाईट नाय. काल त्यानं निरोप दिला की आदिनाथला तो आपल्या दुकानाच्या पत्र्याखाली टेबल लावू देईल, सोसायटीचा तिथं काय संबंध नाय, अन् मेंढरंबी उचलील. अट एकच. रविवारी घरच्या कुणीतरी दुकानापुढं उभं राहून चार लोकांत सांगायचं, की म्हातारीचं मनावर घेऊ नका, तिचं डोस्कं आता ठिकाणावर नसतं. सुदर्शन तयार झाला, लई लवकर तयार झाला. मंजुषानं तर त्या दिवशी कुठली साडी नेसायची तेबी ठरवलंय. मी खोटं एक अक्षर बोलले नाय, हे तुला ठाऊक हाय. तुझ्याच मेंढीचं काळीज होतं, अन् बोटं माझी होती. तरी ये. पोराचं टेबल लागलं पाहिजे. मला येडी म्हणायचं असंल तर ते माझ्या पाठच्या भावानं म्हणावं, सुनेच्या तोंडून मी ऐकणार नाय. मोठ्यानं म्हण, पण एकदाच म्हण.

येतोस का नाय ते शुक्रवारच्या आत कळव, अन् तू स्वतः लिहून कळव. आशाबाईला लिहायला बसवू नको. ती लई मन लावून लिहील.