रुनुनूला विमानात चढू न देण्याबाबत

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
प्राणी परदेशगमन दाखले,
तुलेआर.

विषय : माझी कोतों या कापूसकेसी जातीची कुत्री रुनुनू (मादी, वय १९ महिने, वजन ४.२ किलो) हिला गुरुवार, दि. २१ मार्चच्या विमानाने रियुनियन बेटावर नेण्याचा दाखला न देण्याबाबत. दाखला आधीच दिला असल्यास अन्य उपाय योजण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ४ मार्चचा अर्ज.
२) आपले दि. ११ मार्चचे उत्तर.

महोदय,

१. संदर्भ क्र. २ अन्वये आपण माझा पहिला अर्ज निकाली काढला. कारण एका ओळीचे आहे : "कुत्री नेतेवेळी अर्जदार स्वतः हसत होत्या असे नऊ साक्षीदारांनी सांगितले असून, ताबा संमतीने गेल्याचे दिसते." साक्षीदारांबद्दल माझी तक्रार नाही. मी हसले हे खरे आहे. साधारण चार सेकंद हसले. प्रस्तुत अर्ज त्या चार सेकंदांविषयी आहे, आणि ज्याच्यामुळे ते हसावे लागले त्या श्री. देसिरे व्होरी याच्याविषयी आहे. तो आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो आणि पर्यटकांना होडीतून फिरवण्याची दलाली करतो.

२. रुनुनू मी सहज उचलून आणलेली नाही, निवडून आणलेली आहे. निवृत्त सुईण मादाम झेफेरीन यांच्याकडे चार पिल्ले झाली, तेव्हा मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. सलग तीन रविवार मी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसले. रिकामा डबा पाडल्यावर कोणते पिल्लू पळते आणि कोणते डबा हुंगायला परत येते. भावंडांपासून दूर ठेवल्यावर कोण किती वेळ रडते. गुडघ्याची वाटी जागेवर राहते की सरकते. दात नीट मिटतात की नाही. केस कापसासारखे हलके आहेत की आत्ताच गुंतू लागले आहेत, हे सगळे मी टिपले. मादाम झेफेरीन म्हणाल्या, "अगं, एवढी बाळंतपणं केली मी, पण कुठल्या बापानं पोराला असं उलटंपालटं करून पाहिलं नाही!" माझी आत्या तिथेच तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "नवरा निवडताना अशी वही भरलीस तर आम्ही सुटलो गं बाई." डबा हुंगायला जी सर्वांत आधी परत आली ती रुनुनू. रंग दुधासारखा, म्हणून नावही आमच्या बोलीतले दूधच. त्या वहीची सहा पाने सोबत जोडली आहेत.

३. आता दि. २४ फेब्रुवारीकडे वळते. त्या दिवशी माझ्या थोरल्या काकांना माती द्यायची होती. आमचे कूळ आणि देसिरेचे कूळ एकमेकांचे झिवा आहेत. झिवा म्हणजे काय हे आपणांस मी सांगायला नको. परंतु आपल्या उत्तरात तो शब्द कोठेच नाही, आणि जे कागदावर नाही ते कचेरीत नसते असे मला सांगण्यात आले आहे. म्हणून लिहिते. झिवाने झिवाची थट्टा करायची, त्याला शिव्या घालायच्या, त्याची वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत उचलून न्यायची. दुसऱ्याने रागवायचे नाही. मयताच्या दिवशी तर झिवाने यायलाच हवे, कारण रडणाऱ्या घराला हसवणे हे त्याचे काम. जो रागावला तो चुकला. त्याने समोरच्याला एक बकरा द्यायचा, आणि पुढची दोन वर्षे विहिरीवर लोकांची बोलणी खायची.

४. देसिरे दुपारी आला तो ओरडतच. "एवढी घाई कसली? नीट बघून घ्या, म्हातारा उठेल! माझ्या कोंबडीवर अजून त्याचा डोळा आहे!" काकू तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. यासाठी मी त्याची ऋणी होते, असे प्रामाणिकपणे नमूद करते. त्याने काकांची टोपी घातली. भाताचे पातेले उचलून फाटकापर्यंत नेले आणि परत आणले. मग माझ्या पायाशी बसलेली रुनुनू काखेत मारली आणि म्हणाला, "ही गोरी पोरगी आजपासून माझ्या घरची सून! कुणाला रडायचंय त्यानं आत्ताच रडून घ्या!" सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हसले.

५. महोदय, हे हसणे संमतीचे नव्हते. माझ्या चुलतभावाने त्याच क्षणी काढलेले छायाचित्र जोडत आहे. खरे हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जातो व गाल वर चढतात. छायाचित्रात माझे फक्त ओठ मागे ओढलेले आहेत व वरचे आठ दात दिसत आहेत. अनेक माकडे घाबरली की नेमके असेच दात दाखवतात. आपण स्वतः पशुवैद्यक आहात. हेच छायाचित्र एखाद्या माकडाचे असते तर आपण त्याला खूष म्हटले असते का, याचा कृपया विचार व्हावा.

६. रिवाजाप्रमाणे झिवा दोन-तीन दिवसांत वस्तू वाजतगाजत परत आणतो, किंवा दुसरी बाजू त्याच्याकडचे काहीतरी उचलते आणि फिटंफाट होते. मी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी त्याचे भात शिजवायचे पातेले आणले. तो हसला. सहाव्या दिवशी त्याच्या सर्व चपलांपैकी फक्त डाव्या आणल्या. तो हसला. सातव्या दिवशी पाना घेऊन गेले आणि त्याच्या घराचे दार तिन्ही बिजागऱ्यांसह काढून आणले. त्याने खालून धरून मदत केली आणि म्हणाला, "सावकाश गं शास्त्रज्ञबाई, बोट चेमटेल." आजमितीस त्याच्या एकूण अकरा वस्तू माझ्याकडे आहेत, त्यांत होडीचे एक वल्हे आणि त्याच्या सासूबाईंचा फोटो आहे. प्रत्येक वेळी तो डोळ्यांसकट हसला. मी बारकाईने पाहत होते.

रुनुनू मात्र त्याने मला उचलू दिली नाही. मी गेले की ती कधी मेहुण्याच्या घरी असे, कधी होडीत. शेवटी तो म्हणाला, "अगं, छपरावरचा पत्राही ने. पण कुत्री रियुनियनला चालली. हॉटेलात ते जोडपं उतरलंय ना, त्यांना द्यायचं ठरलंय." मी म्हटले, झिवाची वस्तू परक्याला विकायची रीत नाही. त्यावर तो म्हणाला, "रागावलीस? बकरा काढ मग!" अंगणात बसलेले सगळे लोक हसले. मीही हसले. हे हसणे दुसरे. ते आपल्या फायलीत नाही, कृपया घेऊ नये.

७. दि. ९ मार्चला त्याच्या अंगणात मला रुनुनू दिसली (दार नसल्याने दिसते). वही घरी राहिली होती, म्हणून पुढील नोंदी स्मरणाने देत आहे. दोन्ही कानांमागे केसांच्या गाठी, डावी अंदाजे लिंबाएवढी. उजव्या पुढच्या पंजात काटा असावा, कारण पाय टेकत नव्हती. वाटीत खारवलेली सुकी मासळी. गळ्यात नायलॉनची दोरी, तिचे टोक त्याच्या मेहुण्याच्या हातात; मेहुण्याचे कूळ आमचे झिवा नाही, म्हणून उचलता आली नाही. मला पाहून ती उभी राहिली, भुंकली नाही. देसिरे म्हणाला, "बघ, ओळखते तुला. मलाही ओळखते. माझ्या हातची खारी मासळी चाखली की सगळेच ओळखतात." मी त्याला पंजातला काटा काढायला सांगितले. तो म्हणाला, "विमानात कुठे चालायचंय तिला?"

त्या वाक्यानंतर मी रिवाजाचा अभ्यास सुरू केला.

८. यापुढे मी जे मागत आहे त्यात देसिरेचे नुकसान व्हावे हा माझा हेतू आहे. तो मी लपवत नाही, कारण लपवला तर आपण तो शोधण्यात वेळ घालवाल आणि गुरुवार जवळ आहे.

लसीची मूळ वही माझ्याकडे आहे हे मी पहिल्या अर्जात कळवले होते. परंतु देसिरेने पुन्हा लस टोचून नवी वही काढली, त्यामुळे कागदोपत्री त्याची बाजू पूर्ण आहे, असे आपल्या खिडकीवरील बाईंनी सांगितले. त्या चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "पोरी, साहेब तरी काय करणार? कागद बोलतो तसं साहेब बोलतात." तेव्हा कागदाच्या बाहेर साहेब कोण आहेत, हा प्रश्न मला पडला.

९. आपल्या फाटकावरचे पहारेकरी म्हणाले, साहेब तेमारोसोए कुळातले. तेमारोसोए आणि देसिरेचे तेव्होहित्से यांच्यात झिवा असल्याचे मी लहानपणी ऐकले होते; पण ऐकलेले पुरेसे नसते. म्हणून मी तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन वृद्धांना, एकमेकांबद्दल न सांगता, तोच प्रश्न विचारला. तिघांचे उत्तर एक आले. एका आजोबांनी तर साहेबांच्या, म्हणजे आपल्या, पणजोबांनी देसिरेच्या पणजोबांची बायको लग्नाच्या दिवशी खांद्यावर टाकून संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसवून ठेवली होती, असेही सांगितले. चार पिढ्यांचा तक्ता जोडला आहे. त्यात चूक आढळल्यास मी हा अर्ज मागे घेईन. मला आढळली नाही.

१०. तेव्हा महोदय, आपण देसिरे व्होरीचे झिवा आहात. गुरुवारी सकाळी नऊपर्यंत, म्हणजे ती विमानतळाकडे निघेपर्यंत, आपण कोणत्याही वेळी त्याच्या घरात जाऊ शकता. दार नाही. आपण रुनुनू काखेत मारावी आणि चालू लागावे. त्यासाठी दाखला, शेरा, टिपणी, वरिष्ठांची मंजुरी यांपैकी काहीही लागत नाही. जाताना त्याच्या नाकाविषयी, होडीविषयी व सासूबाईंविषयी काही बोललात तर ते रिवाजाला धरूनच होईल. सुचत नसल्यास मी लिहून देईन. त्याने आपल्याला अडवायचे नाही. अडवले किंवा चेहरा पाडला, तर तो बकरा आपल्याला देणे लागतो, आणि हे बघायला अख्खी गल्ली हजर राहील याची व्यवस्था मी करेन. रियुनियनच्या जोडप्याला त्यानेच काय ते सांगावे.

११. एक अडचण आहे, ती मी सहा दिवस मनात घोळवली. माझे कूळ आणि आपले कूळ झिवा नाहीत. म्हणजे आपण नेलेली रुनुनू मी आपल्याकडून उचलू शकत नाही. ती रिवाजाने आपली होईल. आपण ती मला परत दिलीत तर देसिरे म्हणेल की साहेबांनी झिवा म्हणून नेली नाही, अर्जदाराचा माणूस म्हणून नेली. मग सगळेच फिसकटेल आणि तो पुन्हा दारात येईल. सबब, रुनुनू आपणच ठेवावी, अशी माझी विनंती आहे. मला ती परत नको असे नाही. परंतु तो जिंकायला नको, आणि तिने विमानात जायला नको, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारा दुसरा मार्ग मला सापडला नाही.

१२. ती आपल्याकडे आल्यावर पुढील गोष्टी पाळाव्यात. प्रथम पंजातला काटा. मग गाठी : आधी बोटांनी सोडवाव्यात, नंतर रुंद दातांचा कंगवा, तोही केसांवर पाण्याचा हलका फवारा मारून, कोरडे केस विंचरले तर तुटतात. हे रोज करायचे, एक दिवसही चुकवायचे नाही. उन्हाळा आहे म्हणून केस भादरू नयेत, तीच तिची सावली आहे. आंघोळ तीन आठवड्यांतून एकदा, त्यानंतर कान पूर्ण कोरडे करावेत. मऊ भात, काटे काढलेली ताजी मासळी, आठवड्यात दोन अंडी, मीठ नाही. फिरून आल्यावर बोटांच्या फटीत गोचीड पाहावी. तीन तासांपेक्षा जास्त एकटी ठेवू नये. ही जात राखणीसाठी नाही, शिकारीसाठीही नाही. माणसाजवळ बसणे हेच तिचे काम, आणि ते तिला करू दिले नाही तर ती आजारी पडते. आपल्या कचेरीत टेबलाखाली जागा आहे, मी पाहून आले आहे. वादळ आले की ती माणसाच्या डाव्या पायावर डोके ठेवते, उजव्या नाही. कारण मला कळलेले नाही. आपणांस कळल्यास कृपया कळवावे.

१३. शेवटची विनंती. दर रविवारी संध्याकाळी, लोक अंगणात बसलेले असताना, आपण तिला आमच्या गल्लीतून फिरवावे. माझ्या घरासमोर थांबण्याची आवश्यकता नाही. देसिरेच्या घरासमोर मात्र थांबावे, आणि तिथे तिला सावकाश विंचरावे.

गुरुवारच्या नऊच्या आत आपल्या पावलांची वाट पाहणारी,

(सही)
पर्लिन त्सिआवेला
प्राणिशास्त्र पदवीधर
महावात्से, तुलेआर
दि. १८ मार्च २०२४

सोबत :
१) निवडीच्या वहीची सहा पाने.
२) दि. २४ फेब्रुवारीचे छायाचित्र.
३) चार पिढ्यांचा तक्ता, तीन वृद्धांच्या अंगठ्याच्या ठशांसह.
४) लसीची मूळ वही.
५) रुंद दातांचा कंगवा. (परत करू नये.)