गच्चीवरच्या टिनाच्या दाराबाबत

मी, प्रशिक आनंदराव रामटेके, वय एक्केचाळीस, राहणार इंदोरा, नागपूर, पूर्वीचा धंदा पिंजऱ्यातली लढत म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, सध्याचा धंदा गोळ्या खाणे, आज रविवार दिनांक १७ ऑगस्ट २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीत आहे. मला कोणी काही पाजलेले नाही, कोणी धमकावलेले नाही, आणि धमकावायला येणाऱ्याने आधी माझा जुना रेकॉर्ड बघून यावे. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. ॲड. गिरिधर पांढरीपांडे यांनी मसुद्यात 'सदर' आणि 'उपरोक्त' भरपूर घालून दिले होते. त्यातले बरेच मी काढले, त्यांनी रागावू नये.

'आज' हा शब्द मात्र मुद्दाम ठेवला आहे. उद्याच्या शुद्धीची हमी मी देत नाही.

१. डोक्याबाबत. मी एकोणीस लढती लढलो. अकरा जिंकलो, आठ हरलो. डोक्याला खरा मार लढतीत कमी आणि सरावात जास्त बसला, कारण सराव रोज असतो. डॉ. अबोली घाटे म्हणतात, मेंदूला वर्षानुवर्षं हादरे बसले की तो हळूहळू आटतो, आणि आटलेला भरून येत नाही. गेल्या महिन्यात दूध आणायला निघालो तो कमाल चौकात उभा राहिलो आणि घर कुठे ते आठवेना. एका ऑटोवाल्याने ओळखलं. "तुम्ही तं फायटर ना गा भाऊ? बसा, सोडून देतो," म्हणाला. पैसे घेतले नाहीत. मी दूध न घेताच घरी आलो.

काल डॉक्टरांनी मला पाच शब्द सांगितले: चष्मा, गाजर, पूल, घंटा, मावशी. दहा मिनिटांनी पाचही मी बरोबर म्हणून दाखवले. दहा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला लावलं, तेही जमलं. त्यांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. एवढी घाई कशाची, ते कलम ६ मध्ये आहे.

२. घराबाबत. इंदोऱ्यातलं दोन खोल्यांचं घर माझ्या वडिलांनी, आनंदरावांनी, मिलच्या नोकरीत बांधलं आणि वाटणीत ते माझ्याकडे आलं. ते माझी पत्नी मोनाली हिला मिळावं. मोनाली लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. लग्नानंतर पहिल्याच लढतीत माझी भुवई फाटली तेव्हा ती म्हणाली होती, "लोक माह्याकडे पैसे देऊन रक्त काढतात, अन् तू फुकटात सांडून राहिला." बाई, तुझं बरोबर होतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तुझ्याएवढं मला कोणी सहन केलं नाही आणि मी ते तुला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सही-शिक्क्यानिशी सांगतो.

३. माझी मुलगी दीक्षा, वय तेरा, हिला बँकेतली सगळी शिल्लक मिळावी. ती फार नाही, पण तिच्या शिक्षणापुरती आहे, आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नये. दीक्षालाही लढायचं आहे. मी तिला मना करत नाही, मना केलेलं मीही कधी ऐकलं नव्हतं. एकच अट घालतो. तिने मैदानात उतरण्याआधी कलम ६ वाचावं, आणि मोनालीने ते तिच्यापासून लपवू नये.

४. माझा थोरला भाऊ नागसेन हा या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहील. तो जिल्हा परिषदेत फायली सांभाळतो, त्याला हे काम येतं. माझी एकही लढत बघायला तो आला नाही. दरवेळी एकच म्हणायचा, "काहून मार खाऊन राहिला बे? बापानं शिकवलं कशाले?" मला याचा फार राग होता. २०१६ साली जिंकलेला विजेतेपदाचा पट्टा मी त्यालाच देतो. त्यावरचं सोनेरी पाणी उडालं आहे, खालचं पितळ दिसतं. दादा, घे आणि भिंतीला लाव. एकदा तरी बघ.

५. गौरांग यांस, म्हणजे माझ्या लढती जुळवून देणाऱ्या इसमास, माझं दात झाकायचं रबर द्यावं. त्यावर माझ्या दातांचे खोल ठसे आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये मी बेशुद्ध होऊन पडलो. त्यानंतर काही महिने लढायचं नसतं, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बाराव्या दिवशी याचा फोन आला. "लढत दुसऱ्या राज्यात आहे, कोणाला कळते?" मी हो म्हणालो. त्या लढतीनंतर मी पुन्हा कधी उतरलो नाही. चूक अर्धी माझी आहे, म्हणून शिवी लिहीत नाही. पण माझ्या अंत्यविधीला त्याने येऊ नये. आलाच तर मागे उभं राहावं, आणि भाषण तर मुळीच करू नये.

६. गच्चीबाबत. घराच्या गच्चीवर माझी जिम आहे. वर टिनाचं छत, खाली जुन्या ताडपत्रीच्या गाद्या, आणि कोपऱ्यात टिनाची एक लहान खोली. ही गच्ची, वर जाणारा वेगळा जिना आणि तिचं जे काही भाडं येईल ते सर्व, इंदूबाई लहानू शेंडे, राहणार भिवापूर, यांना मिळावं. इंदूबाई माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या रोहितच्या आई आहेत. रोहित माझा शिष्य होता आणि तो त्या कोपऱ्यातल्या खोलीत मेला.

आता जे लिहितो ते सहा वर्षांत मी कोणालाही सांगितलेलं नाही, मोनालीलाही नाही.

२१ मे २०१९. नागपूरचा मे, पारा सेहेचाळीसवर. दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबर्डीच्या एका हॉटेलात रोहितचं लढतीआधीचं वजन मोजणार होते. पट्ट्यासाठी त्याची पहिलीच लढत, पोरगं तेवीस वर्षांचं. एकसष्ट किलो दोनशेच्या आत बसायचं होतं आणि काटा बासष्टच्या वर शंभर ग्रॅम दाखवत होता. नऊशे ग्रॅम जास्त. आदल्या दिवसापासून त्याचं पाणी तोडलं होतं. मोठ्या शहरात यासाठी वाफेच्या खोल्या असतात. आमच्याकडे ती टिनाची खोली होती. प्लास्टिकचा सूट घालायचा, वरून ब्लँकेट घ्यायचं, आत वीस मिनिटं बसायचं आणि उरलेलं पाणी घामातून काढायचं.

आमच्यात एक रीत आहे. आत जाणारा आधीच सांगून ठेवतो, "मी काहीही म्हटलं तरी दार उघडू नको." कारण आत गेल्यावर प्रत्येकालाच बाहेर यावंसं वाटतं. मीही दर लढतीआधी हेच सांगितलं, माझ्या उस्तादांनी कधी दार उघडलं नाही, आणि मी वजनात बसलो. रोहितनेही सांगितलं. हसत म्हणाला, "दादा, मी रडलो तरी ऐकजो नको गा."

त्या दाराला कडी नव्हती. मी ओला टॉवेल पाठीवर टाकून दाराला टेकून बाहेर बसलो. कडी मीच होतो.

अकराव्या मिनिटाला त्याने आतून टॅप केला. टॅप म्हणजे काय ते या धंद्यात नसलेल्यांसाठी लिहितो. गळा आवळला गेला, हात मोडायला आला, की लढणारा समोरच्याच्या अंगावर तळहात आपटतो. त्याचा अर्थ, हरलो, सोड. त्यानंतर क्षणभरही धरून ठेवायचं नसतं. माझ्या गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, ठोसा नंतर. लढतीत मी कोणाचा टॅप चुकवला असं एकही माणूस सांगणार नाही.

रोहितने टॅप केला तो टिनावर, पण लागला माझ्या पाठीला. आधी तीनदा. मग पुन्हा. "दादा, उघड गा. बस झालं. मले नाही होऊन राहिलं." मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "नऊ मिनिटं राहिली बे, मर्द हो." हे माझे शब्द आहेत. चौदाव्या मिनिटाला टॅप थांबला. मला वाटलं, पोरगा सावरला. मनातल्या मनात मी त्याला शाबासकी दिली, हेही लिहून ठेवतो. वीस मिनिटं पूर्ण झाल्यावर मी उठलो आणि तो दारासोबतच बाहेर पडला. अंग भट्टीसारखं होतं आणि घाम थांबला होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपला होता. डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "मी खाली लिंबूपाणी करत होतो. मी नको म्हटलं होतं, तो न सांगता वर जाऊन बसला." सगळ्यांना पटलं. वजनाच्या हव्यासापायी पोरगं गेलं असं लिहिलं गेलं. इंदूबाईंच्या गल्लीत आजही हेच बोलतात की सरांचं ऐकलं असतं तर जगला असता. आयुष्यात माझं सगळं ऐकणारा तोच एक पोरगा होता.

घाईचं कारण असं. गेल्या महिन्यात दीक्षाने रोहितदादाबद्दल विचारलं आणि मी नेहमीचं सांगू लागलो. सांगता सांगता मला खालचं स्वयंपाकघर दिसलं, हातातलं लिंबू दिसलं, साखरेचा डबासुद्धा दिसला. दार दिसेना. मी घाबरून गच्चीवर गेलो आणि दाराला पाठ लावून बसलो, तेव्हा ते परत आलं. हे खोटं मी इतक्यांदा सांगितलं आहे की माझं डोकं आता तेच खरं धरून ठेवणार आणि खरं सोडून देणार. मग मी सुखाने मरेन, आणि रोहित कायमचा हट्टी ठरेल. असं होऊ नये म्हणून हा कागद.

(कलम ६ मधील गच्ची देण्याचा भाग रद्द केला आहे, कलम ७ पाहावे. बाकी मजकूर कायम. प्र. आ. रामटेके)

७. हे आजच दुपारी पुढे लिहीत आहे. इंदूबाई सकाळच्या एसटीने भिवापूरहून आल्या. मीच बोलावलं होतं. पुढच्या खोलीत मोनाली, डॉक्टर आणि वकीलसाहेब बसलेले असताना मी कलम ६ त्यांना वाचून दाखवलं. दोनदा जीभ अडखळली, पण वाचलं. मोनाली तोंडाला पदर लावून बसली होती. इंदूबाईंनी पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्याल्या आणि म्हणाल्या, "मले माहीत होतं."

मी म्हटलं, "कसं?"

"त्याले आंघोळ मी घातली. दोन्ही तळहाताले फोड होते. मी जल्मभर मिरच्या खुडून राहिली, हाताची आग मले नाही समजन तं कोणाले समजन? एकटा असता तं दार लोटून भायेर आला असता. तापल्या टिनावर पोरगं हात काहून मारन? भायेर कोणी होतं म्हणून मारन."

"मग बोलल्या काहून नाही मावशी?"

"तू बोलशीन म्हणून थांबली. सहा वर्सं झाले."

मी कागद वकीलसाहेबांसमोर ठेवला.

वकीलसाहेबांनी शेजारच्या विहंगला दुसरा साक्षीदार म्हणून बोलावून ठेवलं होतं. इंदूबाईंनी विचारलं, साक्षीदार म्हणजे कोण. साहेब म्हणाले, याने हे आपल्यासमोर शुद्धीत कबूल केलं आणि सही केली असं जो सांगेल तो. "मंग मी राहीन," त्या म्हणाल्या. साहेबांनी समजावलं, "ताई, गच्ची तुमच्या नावावर आहे. ज्याला मिळणार त्याने साक्षीदार राहू नये, उद्या कोर्टात शंका घेतील." त्यावर त्या म्हणाल्या, "तं माहं नाव काढा तिथून."

मोनाली म्हणाली, "घ्या ना मावशी, तुमचा हक्क आहे."

"मी त्या गच्चीचं भाडं खाऊ का वं? मले गच्ची अन् साक्ष दोन्ही मिळत नाही म्हणते ना साहेब? मंग मले साक्षच पायजे."

म्हणून गच्ची मोनालीला राहील. नागसेनने ते टिनाचं दार याच आठवड्यात काढून टाकावं आणि तिथे पुन्हा दार बसवू नये.

८. इंदूबाईंनी एकच गोष्ट मागितली. कलम ६ त्यांच्या गल्लीत लोकांसमोर वाचलं जावं. येत्या रविवारी मी स्वतः भिवापूरला जाऊन वाचणार आहे, पोलिसांत जाणार आहे ते त्यानंतर. मला जमलं नाही तर नागसेनने वाचावं. आणि पुढे कधी मी म्हणू लागलो की मी खाली होतो, लिंबूपाणी करत होतो, तर माझं ऐकू नये, कागदाचं ऐकावं. मी काहीही म्हटलं तरी.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला, तो खरा आहे. साक्षीदारांसमोर सही करतो.

प्रशिक आनंदराव रामटेके (सही)

साक्षीदार १: डॉ. अबोली घाटे (सही). सही करतेवेळी प्रशिक रामटेके यांना दिवस, ठिकाण आणि समोरची माणसे बरोबर सांगता आली.

साक्षीदार २, स्वतःच्या अक्षरात:

यानं हे माह्यासमोर सांगितलं. शुद्धीत होता. मी ऐकलं. माफ केलं असं कोणी लिहू नये.
इंदूबाई लहानू शेंडे, रोहितची आई (सही)

ठिकाण: इंदोरा, नागपूर
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५